पहिली निळी लडी

अबू शीहा वस्ती, अल-अरीश
७ शाबान

फ्रेजाताईस, सुवेलमच्या आईस,

धाकट्या हमदाचा सलाम. अल्लाहच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, तुम्हीही पोर्ट सईदला खुशाल असाल. नसराला आणि जावईबापूंना सलाम सांग. तुझ्या गुडघ्यांचं काय? चार मजले चढायचे, उतरायचे आणि वर रोज धक्क्यावर जाऊन उभं राहायचं, हे काय वय आहे का तुझं? नसराला म्हणावं, निदान परतताना तरी आईला आणायला जात जा.

अक्षर बघून ओळखलंच असशील. एरवी मी सांगते आणि सबहा लिहिते. या वेळी तिला शेळ्यांमागे पिटाळलंय आणि प्रौढ बायकांच्या वर्गात जेवढं शिकले तेवढ्यावर मीच लिहायला बसलेय. नसराला वाचायला त्रास होईल. होऊ दे, लहानपणी माझ्या हातचं खूप खाल्लंय तिने.

काळी शेळी व्याली, जुळी झाली. खाऱ्या तळ्यावरची मासेमारी अजून बंदच आहे, त्यामुळे बोय मासा दिसतोय तो फक्त खारवलेला. सबहाच्या वडिलांचं कंबरदुखीचं रडगाणं चालू आहे, पण कुणी चहाला बोलावलं की कंबर लगेच बरी होते. ईदला तू पाठवलेल्या लाल रेशमाच्या लड्या पोचल्या. रंग फार चांगला आहे, डाळिंबासारखा. पेटीत ठेवल्यात. त्याआधीच्या ईदच्याही तिथेच आहेत.

ताई, सबहाला मागणी आली आहे.

लिहून टाकलं बघ एकदाचं. शेख झुवैद गावची माणसं आहेत, पीचच्या बागा आहेत, मुलगा स्वतःची मालाची छोटी गाडी चालवतो. अतवा त्याचं नाव. बाप नाही, आई विधवा. मुलगा शांत आहे, मान खाली घालून बोलतो, पण बोलतो ते नीट. सबहाने हो म्हटलंय, मी जबरदस्ती केलेली नाही. ईदनंतर करायचं म्हणतात. हे तुला आधी विचारायला हवं होतं, मला कळतं. पत्र चारदा लिहिलं आणि चारदा चुलीत घातलं.

तुला वाटेल एवढंच सांगायचं होतं. नाही, पुढे आहे.

अतवाची आई बोलणी करायला आली होती. चांगली बाई आहे, जिभेला मात्र धार आहे. म्हणाली, "हल्ली सगळ्या पोरी अरीशच्या दुकानातून पांढरा झगा भाड्याने आणतात. संध्याकाळभर घालायचा, सकाळी परत. भरतकामात डोळे घालवायला वेळ कुणाला आहे?"

सबहा चहा ओतत होती. म्हणाली, "मी माझा झगा भरणार आहे."

"अगं वा, म्हणजे हाताला वळण आहे. लालच ना?"

"नाही. निळा."

बाईने पेला खाली ठेवला. तिच्या स्वतःच्या छातीवर निळं भरतकाम होतं, बाह्यांवरही निळं. त्यावर हात ठेवून ती म्हणाली, "पोरी, निळा मी घालते. माझा नवरा मेलाय म्हणून घालते."

"ठाऊक आहे मला," सबहा म्हणाली आणि साखर पुढे केली.

मी हसून वेळ मारून नेली. म्हटलं, हिला थट्टेची सवयच आहे, मनावर घेऊ नका. बाई गेल्यावर पोरीला असं फैलावर घेतलं की विचारू नकोस. "लाल झगा अर्धा भरून पेटीत पडलाय. तुझ्या मावशीने दोऱ्याचा ढीग पाठवलाय. तोच पुरा कर. कोऱ्या कुमारिकेने निळं घालून सासरी जायचं, हे कुणी ऐकलंय का?"

ती म्हणाली, "तो लाल त्याचा आहे. तो घालून मी दुसऱ्याकडे जाणार नाही. आणि आई, मी कोरी कुमारिका नाही, हे तुला माहिती आहे."

माहिती आहे, ताई. तुलाही माहिती आहे. आपण कधी बोललो नाही एवढंच. लावे पक्षी धरायचा हंगाम नुकताच लागला होता. जाळी टांगून झाल्यावर किनाऱ्यावरच्या झाऊच्या झाडाखाली सबहाच्या वडिलांनी तुझ्या सुवेलमच्या हातात हिरवी डहाळी दिली, अल्लाह आणि त्याच्या पैगंबराला साक्ष ठेवून लेक दिली असं म्हणाले. त्याने ती घेतली आणि डोक्याच्या रुमालात खोवली. डहाळी घेतली की ती बायको झाली. वरात हंगामानंतर काढू असं ठरलं, इतकंच बाकी होतं. मग तो होडी घेऊन तळं समुद्राला मिळतं त्या तोंडाकडे गेला, समुद्र खवळला आणि होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. पुढे कुणीतरी तुला सांगितलं की परदेशी जहाजाने एका पोराला उचललं. तू पोर्ट सईदला गेलीस. तू म्हणालीस, माझा लेक येणार आहे, कुणी वेडंवाकडं बोलू नका. आम्ही नाही बोललो. डहाळीचं बोललो नाही आणि दुसरंही काही बोललो नाही. तिला इद्दतीला, विधवेच्या सुतकाला, बसवलं नाही, निळं दिलं नाही. माझी लेक इतकी वर्षं नुसती बसून आहे.

आता निकाह लावणारे शेख विचारतील, मुलीवर कुणाचा हक्क आहे का? मी सबहाला म्हटलं, तेव्हा आपण घरचेच होतो, कुणाला माहिती आहे? ती म्हणाली, "त्याला माहिती आहे."

तो येतो, ताई.

तू हसशील किंवा चिडशील, पण लिहिते. दुपारी येतो, सगळे आडवे झाले की. आधी अंगणात ओला सदरा पिळल्याचा आवाज येतो, वाळूवर पाणी पडल्याचा. मी दोनदा शेजारणीला ओरडले, धुणं तुझ्या अंगणात धू म्हणून. मग एका शुक्रवारी पेटी उघडली तर लाल झगा ओला. छातीवरच्या भरतकामावर मिठाची पांढरी रेघ, तळ्याचा वास. उन्हात वाळवला, पुढच्या शुक्रवारी पुन्हा ओला. तेव्हा सबहाने सांगितलं की तो दारातल्या पडद्यापाशी उभा राहतो आणि पेटीकडे बघतो. बोलत नाही. डहाळी रुमालातच आहे. "आणि आई, पानं अजून हिरवी आहेत," म्हणाली. मी तिला चापट मारली आणि मग दोघी रडलो.

ती म्हणते, तो येतो कारण त्याला कुणी सांगितलंच नाही.

शेखांना मी आडवळणाने विचारलं, एखाद्याचं असं असं झालं तर. ते म्हणाले, त्याच्या घरच्यांनी तोंडाने मान्य केलं, तर त्या दिवसापासूनची इद्दत केव्हाच सरली. घरचं म्हणजे तू, भावोजी तर तुला निळं देऊन केव्हाच गेले. आपली रीतही तुला ठाऊक आहे. विधवेची पहिली निळी लडी नवऱ्याच्या घरून येते. तिचं पुन्हा लग्न व्हायचं असेल तर त्याच घरून लाल दोरा येतो, निळ्यात एक लाल फूल भरायला. बाजारात निळा दोरा हवा तेवढा मिळतो. सबहा त्याला हात लावत नाही. झग्याचं काळं कापड बेतून घडी करून ठेवलंय, आणि वाट बघतेय.

मी काय मागतेय ते कळलं असेल. शब्द मी लिहीत नाही. माझ्याने लिहवत नाही.

तुझी धाकटी,
हमदा

*

पोर्ट सईद
१९ शाबान

हमदा,

नसरा लिहितेय, मी सांगतेय. ती मध्येमध्ये थांबते, मला डोळ्यांनी दटावते. मी तिला म्हटलं, एक अक्षर मऊ करायचं नाही.

तुझ्या लेकीला नवरा मिळाला म्हणून माझ्या लेकाने मरायला हवं काय? किती सोयीचं आहे. पीचची बाग, मालाची गाडी, शांत मुलगा. मधे फक्त फ्रेजाचा पोरगा आडवा येतोय, तर त्याच्या आईलाच सांगू, तूच बाजूला कर. लहानपणी खजूर खाऊन बिया माझ्या ओंजळीत टाकायचीस, तशीच अजून आहेस.

मी रोज धक्क्यावर जाते. पलीकडून येणाऱ्या बोटीतून उतरणारा एकेक चेहरा बघते. खलाशी मला ओळखतात, पाव देतात. परवा एकजण म्हणाला, आजी, तुझ्या पोराचा फोटो आहे का? मी म्हटलं, फोटो कशाला, मी आहे ना. तो कुठल्या देशात असेल, कुठल्या तुरुंगात असेल, कागद नसतील त्याच्याकडे. माणसं वीस वर्षांनी परततात.

तो लाल झगा माझ्या सुनेचा आहे. तिला नको असेल तर पाठवून दे. मी जपेन.

आणि खोटं बोलू नकोस. तो तुमच्या दारात येऊन उभा राहतो म्हणतेस. मी त्याची आई आहे. रोज उन्हातान्हात त्याच्यासाठी उभी असते मी. आला असता तर माझ्याकडे नसता आला? तुमच्याकडे येतो, सदरा पिळतो, आणि माझ्याकडे एकदाही नाही?

नसरा म्हणते, शेवटी आशीर्वाद लिहू का? नको लिहू.

सुवेलमची आई

*

अबू शीहा वस्ती
शाबान संपता संपता

ताई,

चिडलीस ते बरं झालं. गप्प बसली असतीस तर मला जास्त भीती वाटली असती. तुझं पत्र मी सबहाला वाचून दाखवलं, सगळं, बियांचंसुद्धा. ती म्हणाली, मावशीचं बरोबर आहे, झगा तिचाच आहे. तिने तो स्वतः धुतला, वाळवला, मधे पुदिना घालून बांधला आणि काही दिवसांपूर्वीच अतवाच्या गाडीत ठेवला, त्याची पोर्ट सईदची फेरी निघाली की पोचेल. हो, अतवाच आणून देईल. चहा दे त्याला.

त्याला आता सगळं माहिती आहे. माझ्या पोरीने मला न विचारता सांगून टाकलं, भर अंगणात, तोंडावर. डहाळीचं, होडीचं, पेटी ओली होते त्याचं. मी आत डोकं धरून बसले होते. म्हटलं, झालं, मोडलं लग्न. तो गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसला. मग विचारलं, "तो येतो तेव्हा त्याला पाणी तरी देता का?"

 दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं असतं, हे आपण वाळवंटातल्या बदू लोकांनी विसरावं, आणि तेही आपल्याच पोराच्या बाबतीत. मला फार लाज वाटली.

त्याच्या आईने मात्र आकांत मांडला. "एका उंबऱ्यात दोन निळे झगे? वरातीत लोक विचारतील, यातली नवरी कुठली?" अतवा म्हणाला, "जी हसेल ती. तू तर हसणार नाहीसच." बाई त्याच्यावर चप्पल घेऊन धावली. पण जाताना सबहाला म्हणाली, "मरहूमाच्या, गेलेल्या माणसाच्या घरून लडी आली तर मी अडवणार नाही. नाही आली, तर मात्र मी पोराला घेऊन परत जाईन. जित्या माणसाची बायको मी घरात घेणार नाही." तिचंही खरं आहे. म्हणून पुन्हा लिहितेय.

ताई, झगा गाडीत चढला त्या दिवसापासून आमचं अंगण कोरडं आहे. शुक्रवारी आम्ही दोघी पाण्याचा वाडगा घेऊन दाराशी बसलो होतो. तो आला नाही. सबहा म्हणते, तो झग्यामागे गेला असेल. मी रागाने म्हणत नाही, जे वाटतं ते सांगते. इतके दिवस तो तुझ्याकडे आला नाही, कारण तू धक्क्यावर होतीस. तू जहाजांकडे बघत होतीस.

झगा आला की दोन दिवस घरी थांब. दार लावू नकोस. आला तर पाणी दे त्याला.

सबहा शेजारी बसून शेंगा सोलतेय. तिला विचारलं, मावशीला काही लिहू का? म्हणाली, "लिही की मी लडी मागत नाहीये. त्याने सुटावं एवढंच मागतेय. लग्न मोडलं तरी चालेल, पण निळा मी घालणार." मग शेंगा तशाच टाकून उठून गेली.

तुझीच,
हमदा

*

पोर्ट सईद
रमजानचा दुसरा आठवडा

हमदे, माझ्या बये,

नसरा लिहितेय. तिला मी बजावलंय, मला वेड लागलंय असं वाटलं तरी मी सांगेन तसंच लिही. अधूनमधून नाक पुसतेय, शाई फुटली असेल तिथे समजून घे.

झगा पोचला. पोरगा चांगला आहे तुमचा. चार मजले गाठोडं डोक्यावर घेऊन आला, चहाला दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा बसला. माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "काकू, मी कुणाचं काही हिसकावायला आलेलो नाही."  तो गेल्यावर झगा उलगडला. कोरडा होता, पुदिन्याचा वास येत होता. खाटेखाली ठेवला आणि नेहमीसारखी धक्क्यावर गेले. तुझं ऐकायचं नव्हतं मला.

पहिल्या शुक्रवारी मात्र गुडघ्यांनी दगा दिला, जिना उतरवेना. म्हणून घरी राहिले. तुझ्या सांगण्यावरून नाही. नसरा आणि पोरं झोपली होती. रोजा होता, तोंडाला कोरड पडली होती, मी जपमाळ घेऊन बसले होते. जिन्यावर आवाज आला. हमदा, मी त्याला सदरा पिळायला शिकवलंय. आधी बाह्या, मग घेर, मग झटकायचा. तो झटकण्याचा आवाज मी कुठेही ओळखीन.

दार उघडंच होतं.

तू लिहिलंस तसंच. डहाळी रुमालात, पानं हिरवी. ओठ फुटलेले होते. मी कितीदा ठरवलं होतं, आला की काय म्हणायचं. इतका उशीर का केलास, जेवलास का, कुठे होतास. ते सगळं राहिलं. मी उठले, माठातलं पाणी वाडग्यात घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. हात पुढे केल्यावर लक्षात आलं की रमजान आहे, भर दुपार आहे. मनात म्हटलं, आता हसेल आणि म्हणेल, आई, रोजा आहे ना माझा. तुला ठाऊक आहे, दाढी फुटायच्या आधीपासून त्याने एक रोजा मोडलेला नाही. तापाने फणफणला होता त्या वर्षीसुद्धा मी गोळी घे म्हणून पाया पडले, आणि हा म्हणाला, सूर्य बुडू दे. कुठल्याही देशात, कुठल्याही तुरुंगात असता, तरी माझ्या सुवेलमने रमजानात दुपारी पाणी घेतलं नसतं.

त्याने वाडगा घेतला आणि सगळं पाणी प्यायला.

तेव्हा मला कळलं. जित्यांनाच रोजा असतो.

मी त्याला सांगितलं, हमदा. कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ते मीच सांगायला हवं होतं. म्हटलं, बाळा, तू बुडालास. त्या दिवशीच बुडालास. मी तुला जाऊ दिलं नाही, मी सगळ्यांची तोंडं बंद केली. तुझी बायको चांगली आहे, तिने तुझं नाव झाकलं नाही. आता तिच्या दारात उभा राहू नकोस. तुझी डहाळी मला दे. त्याने रुमालातून काढून दिली. तळव्याला थंड लागली, मग काही नव्हतं. हात ओला होता.

नसरा म्हणते, वरच्या मजल्यावरची टाकी गळते, जिना नेहमीच ओला असतो. म्हणू दे. पुसला तिनेच, आणि पुसताना का रडत होती ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नसराला घेऊन बाजारात गेले. दुकानदाराने निळ्याच्या सगळ्या छटा काढून दाखवल्या, आकाशी, मोरपिशी. मी म्हटलं, नको रे, तळं खोल असतं तिथला दे. सोबत पाठवतेय. पहिली लडी आहे, सबहाला म्हणावं, बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात कर, छातीच्या मधोमध. त्या लडीच्या आत लाल दोरा गुंडाळलाय तो नवा नाही. तिच्या जुन्या झग्यावर डाव्या बाजूला एक फूल होतं, पहिलंच भरलेलं असावं, टाके जरा वेडेवाकडे होते. ते उसवून काढलंय. निळ्यात तेवढंच एक फूल त्या दोऱ्याने भर म्हणावं. बाकीचा झगा माझ्याकडे राहील. अतवाच्या आईला सांग, वरातीत मीही येणार आहे. तीन निळे झगे होतील, तिला काय बोलायचं ते बोलू दे.

शेखांसाठी वेगळा कागद नको. हाच दाखव. मी तोंडाने म्हणतेय आणि नसरा लिहितेय, जावई साक्षीला आहे. धक्क्यावर आज गेले नाही. तो पाववाला खलाशी विचारेल, आजी कुठे गेली. नसराचा धाकटा सांगून येईल त्याला.

खाली नाव लिहिताना नसरा थांबली. म्हणते, आई, नेहमीसारखंच लिहू ना? मी म्हटलं, नाही. मी सांगते तसं लिही.

तुमची,
मरहूम सुवेलमची आई